भाटघरचा मलिदा

६ नोव्हेंबर १९३८, भोर

आज चर्चमध्ये, उपासनेत बोललो: देवाने आपली जुनी माणसं टाकली का? प्रेषित पौलाच्या पत्रातलं जैतुनाचं झाड घेतलं. मूळ यहुद्यांचं, फांद्या त्यांच्या. काही तुटल्या, तिथे आपल्यासारख्या रानटी फांद्यांचं कलम बसलं. कलमाने मुळापुढे मिजास करू नये. आणि तुटलेली फांदी पुन्हा जोडायला माळी थकलेला नाही. आवाज चांगला लागला. मागची पोरंसुद्धा गप्प.

बाहेर पडताना लूकबाबा थांबले. वेल्ह्याकडच्या वस्तीतून चालत येतात, मंडळीत सर्वांत वडील. म्हणाले, "गुर्जी, समदं ब्येस. पर ह्ये यहुदी हैत तरी कुठं? म्या तर एक बी न्हाई बघितला."

"भाटघरला आहे की एक घर. धरणावरचे ओव्हरसियर."

"त्यो? त्यो तर कोकणातला तेली हाय म्हनत्यात!"

तेलीच. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांपैकी. लूकबाबांना पटलं नाही. त्यांच्या मनातला यहुदी रविवारच्या शाळेतल्या चित्रातला, झगा आणि काठीवाला. खाकी अर्ध्या चड्डीत सायकलवरून धरणाचे दरवाजे तपासणारा नव्हे.

९ नोव्हेंबर

सायकलने भाटघर. ओव्हरसियर दानिएलरावांची मुलगी दीना अंथरुणातून उठून ओसरीत बसली होती. विषमज्वराने पार हाडं राहिलीत, पण हसली. मी या घरी महिनाभर येतो आहे, प्रार्थना करतो आहे. त्यांच्या आई मिल्काबाई मला येऊ देतात, पण प्रार्थनेत येशूचं नाव आलं की चुलीकडे काहीतरी काम काढतात.

दीना वाचली तर मलिदा करीन असा म्हातारीने नवस केला होता. एलियाहू हनाबी, म्हणजे आपला एलीया संदेष्टा, त्याच्या नावाने. रविवारी करणार. "तू पण ये रे बाबा. पोरीसाठी तू पण लय रडलास."

परतीच्या वाटेवर डोक्यात एकच. ह्यांचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले म्हणतात. ग्रंथ गेले, भाषा गेली, शास्त्री-पंडित कोणी नाही. उरलं काय? एक प्रार्थना, सुंता, खवल्याचाच मासा खायचा, आणि शनिवार. पोथ्या बुडाल्या, शनिवार बुडाला नाही! आणि आमच्याकडे छापलेलं आख्खं शास्त्र घरोघर, तरी रविवारी मंडळी बाजार सोडून येत नाही. अशा लोकांचं भविष्य देवाने राखून ठेवलं नाही असं कोणी म्हणावं? मी म्हणू देणार नाही.

१३ नोव्हेंबर

उपासना आटोपून भाटघर. पुण्याहून त्यांचे नातेवाईक आले होते. शनिवारी प्रवास नाही, म्हणून सकाळच्या मोटारीने. मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची. वर फळं आणि गुलाबाच्या पाकळ्या. सगळं मांडून झालं आणि कोणीच सुरुवात करीना. कारण प्रार्थनेला त्यांचे दहा पुरुष हवेत, होते नऊ. दहावा, दानिएलरावांचा चुलतभाऊ, कापूरहोळला मोटार चुकला असावा.

मी आपलं म्हणालो, "मी आहे की दहावा."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मिल्काबाई हसल्या. "तू पाव्हणा रे. पाव्हण्याला पान मिळतं, नंबर नाय मिळत."

हसलो मीही. पण बोचलं. गेल्याच रविवारी व्यासपीठावरून ओरडून सांगितलं होतं, आम्ही तुमच्या झाडाला जोडले गेलो आहोत. इथे झाडालाच ते मान्य नाही!

चुलतभाऊ आला, कापूरहोळपासून चालत, धुळीने पांढरा. सगळ्यांनी "आला, आला, एलियाहू आला!" म्हणून टाळ्या पिटल्या. मग जे गायले ते मी विसरणार नाही. शब्द इब्री, चाल आपल्या ओवीजवळची. अडीच हजार वर्षं जो यायचा आहे त्याला उद्या दुपारच्या मोटारीने येणाऱ्या पाहुण्यासारखी हाक. आमचा विश्वास असा की एलीया येऊन गेला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने. माझा विश्वास ढळलेला नाही. पण वाट कशी पाहावी हे मी आज पाहिलं.

मलिदा दिला, खाल्ला. घास तोंडात असतानाच दारात लूकबाबा. उद्या वस्तीकडे बैलगाडी जाते आहे हा निरोप द्यायला भोरहून मागोमाग आले होते. परात पाहिली, नारळ पाहिला, फुलं पाहिली, माझं तोंड पाहिलं. निरोप न सांगताच वळले.

पुण्याच्या मंडळींनी वर्तमानपत्र आणलं होतं. जर्मनीत यहुद्यांची प्रार्थनामंदिरं जाळली, दुकानं फोडली. मिल्काबाईंनी वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, "परात झाका. माश्या बसतात."

१५ नोव्हेंबर

लूकबाबा सौ.ला बाजारात भेटले. म्हणाले, "पाळकीणबाई, गुर्जींनी निवद खाल्ला. म्या माझ्या डोळ्यांनी बघितला." सौ. घरी येऊन म्हणते, "अहो, पोहे घरी कमी पडतात का?" तिला हसू, मला राग. निवद! अब्राहामाच्या देवाचं नाव घेऊन केलेलं, मूर्तीचा वारा नाही, आणि त्याला निवद म्हणायचं?

पण रागाच्या खाली दुसरंही काही आहे. लूकबाबांनी ताटात जे पाहिलं ते त्यांना ठाऊक असलेल्या एकाच गोष्टीसारखं दिसलं.

२७ नोव्हेंबर

मिशनच्या मोठ्या साहेबांचा निरोप, पुण्याहून. वस्तीने तक्रार केली. साहेब स्वतः नववर्षाच्या उपासनेला येणार. त्या दिवशी मी व्यासपीठावरून दोन गोष्टी म्हणायच्या: मूर्तीचं अन्न खाल्लं ही चूक झाली, आणि इस्राएलाला दिलेली वचनं आता मंडळीची, यहुद्यांचा हिशेब देवाने मिटवला. न म्हटलं तर काम आणि मिशनची बंगली दोन्ही सोडायची.

निरोप आणणारा मिशनमधलाच गृहस्थ. चहा पिता पिता म्हणतो, "जर्मनीत जे चाललंय ते शापाचंच फळ, नाही का?"

मी कप खाली ठेवला. ओरडलोच, "ज्या घराला तुम्ही शापित म्हणता, त्याच घरात तुमचा तारणारा जन्मला. त्याची आई आज बर्लिनला असती, तर तिच्या दारावर तुमची काठी पडली असती का त्या जर्मनांची?" सौ.ने आतून भांडं आपटलं. म्हणजे पुरे.

ओरडायला नको होतं असं मला वाटत नाही. ओरडायलाच हवं होतं.

४ डिसेंबर, वेल्ह्याकडची वस्ती

उपासनेला वस्तीतलं कोणी आलं नाही. मग मीच गेलो. लूकबाबा अंगणात वेताची पाटी विणत होते, उठले नाहीत.

"साहेबाला म्या सांगितलं. लपवायचं काय त्यात?"

"सांगितलंत ते बरं केलंत. मला का नाही विचारलंत?"

त्यांनी वेत कचकन ओढला. मग सुटले. "माजा बाप्तिस्मा झाला त्या साली आय आजारी व्हती. तिनं गावदेवी मेंगाईला नवस बोलला, तिला बरं वाटावं म्हून न्हवं, म्या जुन्या देवाकडं परत यावं म्हून. परसाद घिऊन हात फुडं करून बसली. आदीच्या पाळकांनी सांगितलं व्हतं, घेऊ नगंस. म्या न्हाई घेतला. तिचा हात तसाच. चार दिसांत गेली. आता तुमी म्हनता, नारळ-पोहं चालत्यात? मंग माज्या आयचा हात म्या रिकामा का ठिवला, सांगा की!"

मी भोर संस्थानात, पुण्यात, साताऱ्यात बोललो आहे. सभा हलवल्या आहेत. या अंगणात खाली बसलो आणि त्यांना एकेक वेत उचलून देत राहिलो.

निघताना म्हणाले, "वस्ती तुमच्या हातची भाकर घेनार न्हाई, गुर्जी. परभू-भोजनाची. तुमी चूक कबूल करस्तवर."

तर आता असं आहे. पौलच म्हणतो यहुद्यांपुढे फुशारकी नको. आणि पौलच म्हणतो, माझ्या खाण्याने भावाला ठेच लागत असेल तर मी खाणार नाही. एकाच माणसाची दोन वाक्यं, आणि मी मध्ये. साहेबांना मी उत्तर देईन. लूकबाबांना काय देऊ?

१८ डिसेंबर

लूकबाबांना भाटघरला घेऊन गेलो. कसे तयार झाले, माहीत नाही. डोक्यावर नवी विणलेली पाटी घेऊन चालताना एवढंच म्हणाले, "बघू तुमचं यहुदी."

घरात शिरताच त्यांनी कोनाडे पाहायला सुरुवात केली. देवघर नाही. फडताळामागे नाही. मिल्काबाई बघत होत्या.

"काय शोधतोस रे?"

"मूर्त."

"शोध, शोध. सापडली तर मला पण दाव. चार पिढ्या नाय सापडली."

मग चौकटीवरची लहान डबी त्यांच्या नजरेस पडली. बोट दाखवून, "मंग ह्यो कोन देव?"

"देव नाय. आत चामड्यावर लिवलेलं वचन हाय. देव एकच, त्याच्यावर जीवापाड माया कर. येता-जाता हात लावायचा, विसरू नये म्हणून."

लूकबाबा चपापले. हे वचन त्यांना पाठ आहे, मीच शिकवलं आहे. हळूच विचारलं, "येवडं समदं एक हाय, तर मंग येशूला का न्हाई मानत तुमी?"

दानिएलराव खुर्चीत सावरून बसले. म्हातारी म्हणाली, "एलियाहू यायचा हाय ना अजून? तो आला का त्यालाच इचारू, कोण बरोबर."

"आन् त्यो म्हनला, ह्यो लूक बरूबर, तर?"

"तर मी तुजी पाटी डोक्यावर घेऊन वेल्ह्यापर्यंत चालत येन!"

"आजे, लई चढ हाय त्यो."

"म्हणून तर बोलले. तो काय तसं बोलणार नाय!"

दोघं म्हातारी माणसं खळखळून हसली. माझ्या सगळ्या प्रवचनांनी जे झालं नसतं ते. लूकबाबांनी चहा घेतला. लाडू पुढे केला तो घेतला नाही. म्हातारीने आग्रह केला नाही.

परतताना: "मूर्त न्हाई, खरं हाय. म्या निवद म्हनलो ते चुकलं. पर गुर्जी, वस्तीतल्या पोरांना म्या काय सांगू? नारळ त्योच, फुलं तीच. ती म्हनतील, मंग मेंगाईचा बी का नगं?"

बरोबर आहे. ह्याला उत्तर शास्त्रार्थाने देता येत नाही.

२५ डिसेंबर

नाताळ. वस्तीतले लोक आले, गायले, प्रभुभोजनाच्या वेळी बाकांवर बसून राहिले. भाकर ताटात उरली.

सौ. विचारते, बंगली सोडावी लागली तर जायचं कुठे. शिवऱ्याला तिचा भाऊ आहे. म्हणाली, "खोटं बोलून इथं राहिलात तर मला तुमच्या आवाजाची चीड येईल." आणि लगेच, "पण भावाला अगोदर कळवा. त्याच्याकडे खोली एकच आहे."

१ जानेवारी १९३९

नववर्षाची उपासना.

साहेब पहिल्या बाकावर. वस्ती उजवीकडे. बाहेर पडवीत, टोपी मांडीवर ठेवून, दानिएलराव. न बोलावता आले होते. गरज पडली तर परातीत काय होतं ते सांगायला.

आधी लूकबाबांकडे वळून, नाव घेऊन, क्षमा मागितली. म्हटलं, ज्या माणसाने विश्वासासाठी आईचा हात रिकामा ठेवला, त्याला न विचारता मी खाल्लं. त्या अन्नात दोष नव्हता, माझ्या घाईत होता. पुन्हा तुमच्याशी बोलल्याशिवाय खाणार नाही.

मग साहेबांकडे पाहून म्हटलं, ते मूर्तीचं अन्न नव्हतं. आणि देवाने यहुद्यांचा हिशेब मिटवला असं मी म्हणणार नाही. जो देव अब्राहामाला दिलेला शब्द मोडील, तो मला दिलेला का पाळील? ज्यांची मंदिरं जाळली जात आहेत, ते लोक उद्या देवाच्या हातातलं सर्वांत मोठं आश्चर्य ठरतील. सगळा इस्राएल तारला जाईल. आपण त्यांच्याशी कसे वागलो ते त्या दिवशी आपल्याला विचारलं जाईल. पुढे काय बोललो आठवत नाही.

प्रभुभोजनाला वस्ती उठली नाही. एकटे लूकबाबा उठले, आले, ओंजळ पुढे केली. मी भाकर दिली. मागे वळून त्यांनी आपल्या लोकांकडे पाहिलं, कोणी हललं नाही.

साहेब गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "कळवतो."

सगळे पांगल्यावर दानिएलराव आले. हात धरला. डोळे भरलेले. "पाळकसाहेब, आमच्याबद्दल असं कोणी, तुमच्या लोकांत उभं राहून... आईला शब्द न् शब्द सांगेन." मग टोपी हातात फिरवत राहिले. "एक विचारू? रागावू नका. तुम्ही म्हणता, आम्हांला पुन्हा झाडाला जोडतील. मग आम्ही तुमच्यासारखे होणार, की आम्हीच राहणार?"

"मूळ तुमचंच आहे, दानिएलराव."

"मुळाचं नाही विचारत. तुमचं भविष्य खरं झालं, त्या दिवशी माझ्या दीनाच्या नातवंडांच्या घरी शनिवार असेल का?"

भिंतीला टेकलेली त्यांची सायकल घेऊन आलो आणि धरून उभा राहिलो. ते म्हणाले, "असू दे, घाई नाही," आणि सायकलवर बसून गेले.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे इस्राएलासाठी प्रार्थनेला बसलो. त्यांच्यासाठी काय मागायचं, ते कालपर्यंत मला ठाऊक होतं.