घरचं घड्याळ

१२ डिसेंबर १९९९
रविवार, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. फोन असताना याला पत्राची हौस कुठून आली, असं वहिनी नक्की म्हणेल. तिला सांग, फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणतोस आणि माझं पुढचं सगळं घशातच राहतं, म्हणून पत्र.

इकडे सगळे ठीक. थोरलीची परीक्षा संपली. पेपर कसे गेले विचारलं की खांदे उडवते, म्हणजे बरे गेले असावेत. हिचा गुडघा आता जिना चढताना कुरकुरत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नवे पंखे लागलेत. वारा जुन्यांइतकाच, आवाज दुप्पट. वहिनीचा खोकला थांबला का?

डायरी मी अजून रोज लिहितो. काल गेल्या दोन वर्षांतल्या वह्या चाळल्या. तुझा उल्लेख जवळपास दर आठवड्याला आहे. तुला केलेले फोन मात्र चार.

आता स्मरणिकेबद्दल. आपल्या बॉक्सिंग क्लबचा शतकातला सर्वश्रेष्ठ हेवीवेट ठरवायला तिघांची समिती नेमली, त्यात मी होतो, हे तुला माहीत आहे. शेवटी उरली तीन नावं: सत्तर वर्षांपूर्वीचा सुतार, आमच्या काळातला तू, आणि आत्ताचा एकशे दहा किलोचा, ज्याला पोरं ट्रक म्हणतात. तीन वेगवेगळ्या काळांतली माणसं एका रिंगणात कशी उभी करायची? जगातल्या जेत्यांबद्दलही हाच वाद चालतो. जो एकही लढत न हरता निवृत्त झाला तो जेमतेम पंच्याऐंशी किलोचा होता. आजच्या शंभरीपारच्या धिप्पाड गड्यांसमोर तो टिकला असता का? मी म्हणत आलो, की माणसाला त्याच्या काळातून उपटून तोलू नये. त्याच्यासमोर जे उभे होते त्यांचं त्याने काय केलं, ते बघावं. तो पंधरा फेऱ्यांसाठी दम राखायचा, आज बारा असतात. आजच्यांना आहार आहे, डॉक्टर आहे, आधीच्यांच्या फिल्म बघून शिकायची सोय आहे.

हे सगळं मी बैठकीत बोललो. सुताराची जुनी फिल्म दाखवली तेव्हा पोरं हसत सुटली. ट्रक म्हणाला, "सर, हे बॉक्सिंग आहे का कोंबड्या दाणे टिपतायत?" मी त्यांना वीस मिनिटं समजावलं. जुनी फिल्म सेकंदाला कमी चित्रं घेऊन काढलेली असते, आजच्या यंत्रावर ती भरभर पळते, म्हणून माणसं तुरुतुरु चालताना दिसतात. दोष यंत्राच्या वेगाचा आहे, त्या माणसांचा नाही. पोरांना पटलं. सुतार पहिला आला.

आणि तुला मी तिसरा ठेवला. बाकीच्या दोघांनी तुला दुसरा धरलं होतं. मीच हट्टाला पेटलो. म्हणालो, फायनलच्या कॅसेटमध्ये दादाचे हात जड दिसतात, ट्रकचे त्याहून चपळ आहेत. ऑगस्टमध्ये स्मरणिका छापून आली. मी फोन केला तर तू म्हणालास, "वाचलं. बरं." त्यानंतर तुझा फोन नाही. माझाही नाही.

जड हात हे सांगण्याचं कारण होतं, दादा. खरं कारण वेगळं आहे आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. हिलासुद्धा नाही.

शहाहत्तर सालची ती फायनल. नेहमीचा टाइमकीपर तापाने आडवा झाला आणि मी विज्ञान शाखेचा, हातात स्टॉपवॉच धरायची सवय, म्हणून मला त्या टेबलाशी बसवलं. रिंगणात तुझ्यासमोर कोण, तर भट्टी. त्याच्या ओतकामाच्या कारखान्यातली निम्मी माणसं पहिल्या रांगेत. मी तुझा मावसभाऊ हे कळल्यावर त्यातला एक मोठ्याने म्हणाला, "चला, आज घड्याळपण घरचंच." सगळे हसले. मीही हसलो.

शेवटच्या फेरीत तू पडलास. मी टेबलावर हात आपटून सेकंद मोजत गेलो, रेफरी माझ्या हाताकडे बघत आकडे ओरडत गेला. नवाला तू उठलास आणि पुढे जिंकलास. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

दोन वर्षांपूर्वी क्लबने त्या लढतीच्या फिल्मची व्हिडिओ कॅसेट करून आणली. मी ती घरी नेली. एका रविवारी सहज स्टॉपवॉच घेऊन बसलो. तुझा हात जमिनीला टेकल्यापासून तू उभा राहीपर्यंत बारा सेकंद. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. अकरा वेळा मोजलं. कमीत कमी बारा, जास्तीत जास्त बारा आणि दोन दशांश.

म्हणजे दहाच्या आत तू उठलाच नव्हतास, मी भट्टीचं विजेतेपद चोरून तुला दिलं होतं. आणि तुला न सांगता दिलं होतं. तू तेवीस वर्षं जे मिरवतोस ते माझ्या हाताने खोटं केलेलं आहे, असं मला वाटायला लागलं. तुझ्याकडे यायचो तेव्हा कपाटावरच्या त्या कपाकडे पाठ करून बसायचो. मग येणंच कमी झालं. तुला तिसरा ठेवला तेव्हा मनात म्हणालो, निदान आता तरी पक्षपात करत नाहीये. ज्या चुकीची शिक्षा मला व्हायला हवी होती ती मी तुला दिली, हे माझ्या लक्षात यायला चार महिने लागले.

गेल्या महिन्यात धीर करून भट्टीकडे गेलो. तो आता निवृत्त आहे, एक कान कामातून गेलाय. गॅलरीत दाढी करत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्याने आरसा खाली ठेवला नाही.

"बारा?" तो म्हणाला.

"बारा."

"बरं, मग? उठला ना तो? उठल्यावर अजून मिनिटभर माझ्यासमोर होता. मला त्याला परत पाडता आलं का? ते कुणाच्या घड्याळात धरायचं?"

मी म्हटलं, नियम दहाचा आहे.

"तुम्ही शिकलेली माणसं फार मोजता बुवा." मग त्याने आरसा ठेवला. "मला राग आहे तो त्या कॅसेटचा. नातवंडांना दाखवली, तर मी पाण्यात चालल्यासारखा. अहो, मी काहीही असेन, सुस्त कधी नव्हतो. तुमचा भाऊही नव्हता. त्याचा डावा यायचा तेव्हा दिसायचा नाही, नुसता लागायचा."

दादा, मी तिथे गॅलरीत उभ्याउभ्या गार झालो. सुताराच्या फिल्मसाठी पोरांना वीस मिनिटं व्याख्यान देणारा मी. आपल्या कॅसेटचा वेग तपासावा हे मला एकदाही सुचलं नव्हतं. दुसऱ्याची अडचण असली की मला विज्ञान आठवतं. स्वतःवर संशय आला की मी लगेच कबूल होऊन मोकळा होतो.

फिल्म काढणारा फोटोग्राफर अजून दुकानात बसतो. मी विचारलं तर म्हणाला, "फायटिंगला मी चोवीसच लावायचो. अठरावर ठोसा कुठे दिसतो, नुसता धूर." मूळ रीळ त्याच्याकडे होतं, डबीवर त्याच्याच अक्षरात २४. ज्याने कॅसेट करून दिली त्याचं यंत्र अठराने चाललं होतं. सेकंदाला चोवीस चित्रं घेतलेली, दाखवली अठरा. सगळं तिसऱ्या हिश्शाने लांबलं. त्याने प्रोजेक्टर चोवीसवर लावला आणि मी मोजलं.

नऊ, दादा. बरोबर नऊ.

तू मला ओळखतोस, तेवढ्यावर माझं भागलं नाही. डबीवरचा आकडाही चुकलेला असू शकतो. तू पडलास तेव्हा माझ्या कोपराने टेबलावरची बाटली पडली होती, ती फिल्ममध्ये दिसते. ते टेबल अजून क्लबच्या ऑफिसात आहे, उंची पंचाहत्तर सेंटिमीटर. एवढ्या उंचीवरून वस्तू किती वेळात जमिनीवर येते, हे मी दरवर्षी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकवतो. भिंग घेऊन फिल्मवरची चित्रं मोजली. बाटली खाली यायला नऊ लागली. अठराने काढलेली असती तर सातच भरली असती. मग मात्र मी फोटोग्राफरच्या स्टुलावर बसलो आणि मला उठवेना. तो बिचारा पाणी घेऊन आला. "कुणी गेलं का?" असं त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही, परत आलं.

भट्टीला जाऊन सांगितलं. "म्हणजे मी सुस्त नव्हतो ना?" एवढंच त्याने विचारलं.

तेव्हापासून बरं वाटतंय. जेवण जातं. ही म्हणते, अंघोळ करताना गुणगुणता आजकाल.

तरी एक गोष्ट लिहितो, नाहीतर हे पत्रही अर्धं खोटं होईल. हात बरोबर चालला, हे आता सिद्ध आहे. मनाचं तसं नाही. आठव्याला माझा हात वर होता आणि मला तो खाली आणायचा नव्हता. आणला. नववाही आणला. दहावा आणला असता का, मला माहीत नाही. तू उठलास, त्यामुळे मला ते कधीच कळणार नाही. त्या दिवशी तू लढत जिंकलास असं सगळे म्हणतात. मला वाटतं, उठताना तू मलाही वाचवलंस, आणि तेवीस वर्षांत मी तुला तसं कधी म्हटलं नाही.

भिंतीवरचा फलक अजून रंगवायचा आहे. समितीला मी सगळं लिहून कळवलंय आणि माझं मत बदललंय. चोवीसच्या वेगात तुझा डावा तीनदा पाहिला. ट्रकच्या हातांना ती चपळाई नाही. तू दुसरा. पहिला नाहीस, दादा. सुतार खरोखरच तुझ्यापेक्षा चांगला होता, आणि हे मी आता कुठलीही लाज न बाळगता सांगू शकतो. यावर तुला भांडायचं असेल तर पुढच्या रविवारी दुपारी मी प्रोजेक्टर घेऊन येतो. येऊ नको म्हणायचं असेल तर फोन कर. 'बरं' म्हणालास तर येतोय असं धरीन.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुला एका सेकंदाचीही सूट न दिलेला,
तुझा धाकटा