परत पाठवलेला शिधा

अप्पा, तुमच्या समाधीवरचा दगड आता एका अंगाला कलला आहे. पेडगावला कायमचा परतलो, तेव्हा सर्वप्रथम तिकडेच गेलो, बेल वाहिला, आणि नोकरी गेल्याचे सांगायला गेलो होतो ते न सांगताच उठलो. समोर बसून जे बोलता आले नाही ते, आणि त्यानंतर घडले तेही, लिहून पाहतो आहे.

हैदराबादेजवळचा औषधांचा कारखाना बंद पडला. निवृत्ती दृष्टिपथात असताना माझी नोकरी गेली, आणि नोकरीवाचून तिथल्या खोलीचे भाडे भागणारे नव्हते. म्हणून तुमची सून आणि मी धाकट्या भावाच्या आश्रयाला आलो. त्याने आम्हाला काही कमी पडू दिले नाही. परंतु कपभर चहा करावासा वाटला तरी तुमच्या सुनेला आधी जावेच्या चेहऱ्याकडे पाहावे लागे. जवळच्या मानवत गावी एक लहानशी खोली आणि तिथे स्वतःची चूल, एवढीच तिची इच्छा होती. त्यासाठी आधारही एकच होता. माझ्या पगारातून कामगार विम्यासाठी जे वर्षानुवर्षे कापले गेले, त्यापोटी नोकरी सुटल्यावर काही महिने बेकारी भत्ता मिळतो. तो मिळवण्यासाठी मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या विमा कचेरीत जाऊ लागलो.

खिडकीपलीकडे एक तरुण बाई होत्या. माझ्या नोंदी सगळ्या तेलंगणातल्या, शिक्का तिथला, आणि साक्ष द्यायची ज्या कारखान्याने, त्यालाच टाळे. “काका, तुमचं सगळं तिकडं, आन तुमी हिकडं,” त्या हसून म्हणाल्या, “आता मधी कुणाला उभं करू?” तरीही त्यांनी चिकाटीने फोन केले, मला पुन्हा पुन्हा बोलावले, आणि अखेर काम मार्गी लागले. एकच विचारायचे उरले होते. सध्या दुसरीकडून काही मिळते का? मिळत असल्यास भत्ता देता येत नाही. मी सांगितले की आम्ही जंगम, लिंगायत घरांतले विधी करणारे, आणि गावातले वृद्ध जंगम गेल्यापासून नामकरणाला, लिंगधारणेला, अंत्यविधीला लोक मला बोलावतात आणि शिधा देतात. त्यांनी लेखणी खाली ठेवली. “काका, मूठभर तांदळाला कोण विचारायलंय? न्हाई म्हणा आन मोकळे व्हा.” असत्य माझ्या मुखातून निघेना, आणि तुमच्या सुनेचा चेहराही डोळ्यांपुढून हलेना. मग मी एक तोडगा काढला, आणि त्याचा त्या क्षणी मला थोडा अभिमानही वाटला. भत्ता चालू असेपर्यंत विधी करीन, परंतु शिधा कोणाकडूनही घेणार नाही. असा संकल्प करून, काही मिळत नाही, असे मी लिहून दिले.

घरी हे ऐकून तुमची सून म्हणाली, “लय शास्त्र वाचलंत तुमी. जंगमानं शिधा न्हाई घ्यायचा तर काय घ्यायचं, सुट्टी?” मी त्यावर हसलो होतो.

काही दिवसांतच वेशीजवळच्या घरातले म्हातारे गृहस्थ लिंगैक्य झाले. मी त्यांना भस्म लावले, समाधीत बसवले, मंत्र म्हटले, माती लोटली. परत आल्यावर अंगणात त्यांची पत्नी सूप घेऊन समोर आली. त्यात ज्वारी होती, तूरडाळ होती, गुळाचा खडा होता, आणि वर एक बेलपान. मी हात जोडले आणि म्हणालो की मला हे घेता येत नाही, कारणही सांगितले. तिने आवाज चढवला नाही. सूप तसेच धरून ती म्हणाली, “सरकारचं चालतंय, आन माझ्या मालकाचं चालंना व्हय?”

त्या अंगणात उभा असताना मला लहानपणीचे आपले स्वयंपाकघर दिसू लागले. तुम्ही कोरान्नाहून परतला आहात, दारोदारची भिक्षा झोळीतून ओतली गेली आहे, आई त्यातली ज्वारी आणि बाजरी निराळी करते आहे. त्या सकाळी मीही तुमच्याबरोबर होतो. एका दारात मजुरीवर जगणाऱ्या बाईची ओंजळ पाहून, असू द्या, तुम्हालाच लागेल, असे म्हणून मी झोळी मागे घेतली होती, आणि दया केल्याच्या समाधानात आता जेवायला बसलो आहे. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणता, “ती आज देणारी होती. तू तिला गरीब करून आलास.”

हे आठवूनही मी हात पुढे केला नाही, अप्पा. लिहून दिलेला शब्द मोडायचा नव्हता. आयुष्यभर शरण संतांच्या ज्या वचनांचे पारायण केले, त्यांत कायक, म्हणजे कष्टाचे काम, जितके श्रेष्ठ मानले आहे तितकाच दासोह, म्हणजे आपल्यातले दुसऱ्याला देणे. घेणाऱ्याने घेतल्यावाचून देणाऱ्याचे देणे पुरे होत नाही, हे मी इतरांना कितीदा तरी समजावून सांगितले आहे. त्या दिवशी मात्र माझा शब्द खरा राहावा म्हणून त्या बाईच्या पतीचा विधी मी अपुरा ठेवला. दुसऱ्या दिवशी पाथरीहून दुसरे जंगम आले आणि ते सूप त्यांच्या झोळीत रिकामे झाले. तेव्हापासून गावात मला कोणी बोलावत नाही. मी कचेरीत जे लिहून दिले, ते आता सर्वार्थाने खरे आहे.

भत्ता जमा झाला. आम्ही मानवतला एक खोली घेतली. पहिल्या संध्याकाळी तुमच्या सुनेने अंबाडीची भाजी केली आणि कोणाला न विचारता डब्यातले पीठ काढले. भाकरी थापताना ती स्वतःशीच काही गुणगुणत होती. नोकरी गेल्यापासून मी ते ऐकले नव्हते. हा घास माझ्या घशाखाली उतरणार नाही, अशी माझी खात्री होती. तशी तयारी करूनच मी पाटावर बसलो होतो.

हा कागद तुमच्या समाधीवर ठेवायला मी येणार नाही. तिकडे जायचे तर वेशीवरून, तिच्या दारावरून जावे लागते. एवढेच कबूल करतो, अप्पा, की ते जेवण मला गोड लागले, आणि मी आणखी एक भाकरी मागून घेतली.