नटाची बायको

शनिवार, १ फेब्रुवारी
पल्लवीच्या आईला दवाखान्यात टाकलं आज. म्हणजे त्या ठणठणीत आहेत. सकाळी पल्लवीशी बोलताना मागं त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता. पण सासूबाईंना काय सांगू? दिग्विजय तिकडं सीमेवर बर्फात उभा आणि मी मैत्रिणीच्या वाढदिवसाला सांगलीत खेळायला चाललेय?
आत्याबाईंनी (सासूबाईंना मी आत्याबाईच म्हणते) लगेच विचारलं, "लय शिरेस हाय काय गं?" म्हटलं, नाही, सलाईन लावलंय फक्त. सलाईन! कुठून सुचतं मला?

रविवार, २ फेब्रुवारी
सकाळी सहाला उठून आत्याबाईंनी डबा भरला. मऊ भात, मुगाचं वरण, वर थोडं तूप. "आजाऱ्याच्या तोंडाला चव नसती. लिंबाची फोड बी घातलीया." कराडच्या स्टँडवर एसटीत मांडीवर डबा घेऊन बसले आणि तो पार सांगलीपर्यंत गरम लागत राहिला.
विश्रामबागेत कॉलेजच्या मागच्या गल्लीत एक बंगला आहे. बाहेरून कुणाचं तरी घर वाटावं असा. आत एस्केप रूम. मला वाटलं होतं कुलूप उघडायचं, बाहेर पडायचं, संपलं. तसं नव्हतं! लहान मुलांना प्रवेशच नाही, कारण गोष्ट मोठ्यांची. खोलीत नाटक कंपनीची रंगपटाची खोली मांडलेली — आरसे, रंगाचे डबे, ट्रंका, खुंटीवर केसांचे टोप. दुसरा अंक संपलाय, तिसरा सुरू व्हायचाय आणि मुख्य नट गायब! तासाभरात तो कुठं गेला ते शोधायचं. आम्ही चौघी — मी, पल्लवी आणि तिच्या बँकेतल्या दोघी. प्रत्येकीला एक चिठ्ठी. माझ्या चिठ्ठीत — "तू नटाची बायको. मॅनेजर दार वाजवेल. नवरा आतच आहे असं त्याला पटव. पटलं नाही तर तो आत येईल आणि खेळ संपेल."
आमच्या आधीची मंडळी उशिरा आली. आमचा खेळ दोनचा चारवर गेला.
आणि हे मला लिहायलाच हवं — चार म्हटल्यावर मला आठवलं होतं. दिग्विजयचा फोन रविवारी चारनंतरच येतो. वरच्या पोस्टवरून आठवड्यात एकदा पाळी मिळते, त्या नंबरवर उलटा फोन लागत नाही. ऋषिराज म्हणून खेळ चालवणारा मुलगा आहे, त्यानं लॉकर पुढं केला, "मॅडम, मोबाईल आत नेता येत नाही." मी एकदा स्क्रीनकडं पाहिलं. आणि ठेवला! कुणी ओढून घेतला नाही.
आत गेले आणि सगळं विसरले. तोच ऋषिराज धोतर-कोट घालून दार बडवायला लागला. "कुठं आहेत रावसाहेब? पडदा वर जायचाय!" पहिल्यांदा ततपप झालं. मग काय झालं कोण जाणे, सुटलेच. म्हटलं, आवाज बसलाय, ज्येष्ठमध चघळतायत, बोलू नका म्हणालेत. पुन्हा आला. म्हटलं, आईची आठवण आली, रडून रंग उतरला, पुन्हा लावतायत. बाहेर तो हसायलाच लागला, स्वतःचं वाक्य विसरला! चावी टोपाच्या शिवणीत होती, तीही मलाच सापडली. पल्लवी म्हणाली, "रेश्मे, किती सहज खोटं बोलतेस गं! आणि ते पण नवऱ्याच्या नावावर!"
मी इतकी हसले की पोटात दुखलं. वर्षात एवढी हसले नव्हते.
बाहेर आल्यावर ऋषिराज म्हणाला, "कुणाचा तरी फोन सारखा वाजत होता लॉकरमध्ये." माझाच. तीन मिस्ड कॉल.
मग बाकावर बसून आम्ही तो मऊ भात खाल्ला. पल्लवी लिंबाची फोड चोखत होती. मी ते तीन मिस्ड कॉल पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.
कराडच्या अलीकडं आमच्या मलकापुरात उतरले तेव्हा आत्याबाई दारातल्या कट्ट्यावर बसलेल्या. हातात त्यांचा मोबाईल. मला पाहिलं आणि काहीतरी बोलणार होत्या. वाट बघून बघून आता फोनचं विचारणार, असं मला वाटलं आणि मीच आधी बोलून गेले — "त्यांचा फोन आला होता. बरे आहेत."
आत्याबाईंनी हातातला मोबाईल कट्ट्यावर ठेवला. मग म्हणाल्या, "व्हय? काय म्हणाला?"
तिथंच थांबायला हवं होतं. पण मी अजून रंगपटातच होते बहुतेक. म्हटलं, तुमची लय आठवण काढत होते.

सोमवार, ३ फेब्रुवारी
एरवी मी गच्चीवर फोन घेते, खाली येऊन "बरे आहेत" म्हणते आणि आत्याबाई मान हलवतात. विषय संपतो. आज मात्र भाकरी थापता थापता — "आन् काय काय म्हणाला गं?"
म्हटलं, तिकडं फार शांतता असते. आवाजच नसतो कसला. म्हणाले, आईची हाक आठवते. एका हाकेत सगळा मळा उठायचा.
आत्याबाईंचा हात परातीतच थांबला. मग हसल्या! "व्हयच मुळी. उसाच्या फडाच्या ह्या कडंनं हाक मारली की त्या कडंचं कोल्हं बी पळायचं." मग दिग्विजय लहान असताना शाळा बुडवून उसात कसा लपायचा, ते सगळं सांगितलं. तवा तापून धूर निघाला तरी सांगत होत्या.
पाच वर्षं या घरात आहे. मला हे काहीच माहीत नव्हतं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी
टीव्हीवर बर्फ कोसळल्याची बातमी. ठिकाणाचं नाव वेगळं, तरी मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिले. तो तीनदा का करत होता? एकदा लागला नाही तर सोडून देतो तो. बरं नव्हतं का? काही सांगायचं होतं का? मी आत टोप उलटेपालटे करत होते आणि तो रांगेत उभा राहून पुन्हा पुन्हा माझा नंबर लावत होता!
आत्याबाईंनी शांतपणे चॅनेल बदललं. "घाबरतीस कशाला? परवाच बोललाय न्हवं?"
न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि रडले.

बुधवार, ५ फेब्रुवारी
घरात मिरच्यांचा ठसका. काल संध्याकाळी पुन्हा विचारलं तेव्हा बोलून गेले होते की तुमच्या हातची कांदा-लसूण चटणी संपलीय म्हणाले. झालं! आज कढई चढली. आत्याबाईंना धुरानं खोकला येतो, मी म्हटलं मी भाजते. "नगं. माझ्या हातची म्हणालाय न्हवं त्यो?"
मी उंबऱ्यात उभी. त्या खोकतायत, डोळे पुसतायत, हलवतायत. आणि हे सगळं माझ्यामुळं, माझ्या जिभेमुळं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी
दुपारी शेजारच्या रंगूबाई बसायला आल्या. मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. आत्याबाई सांगत होत्या — "हाकंची आठवण काढतोय बघा माझ्या. एवढा मोठा झाला तरी." रंगूबाई म्हणाल्या, "नशीबवान हायसा. आमचा पुण्यात असून बोलत न्हाई."
लाज वाटली. खरंच वाटली. एका आईला मी तिच्याच मुलाच्या नावावर खोटं ऐकवतेय आणि ती ते गावभर वाटतेय.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
पल्लवीनं त्या दिवशीचा फोटो पाठवला. मी टोप घालून तोंड फाडून हसतेय. डिलीट केला.

शनिवार, ८ फेब्रुवारी
उद्या त्याचा फोन आला की आत्याबाईंना सगळं सांगणार. नाही आला तर? तरीही सांगणार. चटणीचा डबा फडक्यात शिवून तयार आहे. त्यावर आत्याबाईंनी माझ्याकडून पत्ता लिहून घेतला. अक्षर वाकडं आलं.

रविवार, ९ फेब्रुवारी
अडीचपासून गच्चीवर. चारनंतर वाजला.
बरा आहे! सर्दीसुद्धा नाही. मी रडायलाच लागले. तो म्हणाला, "अगं, रडतीस काय? गेल्या रविवारी कुठं होतीस? रिंग वाजून वाजून थांबली. पाळी संपत आली, मग आईला लावला."
"आईला?"
"व्हय. बोललो की आईशी. तिनं सांगितलं न्हाई तुला?"
पुढं काय बोललो आठवत नाही. फोन कट झाल्यावर तिथंच बसून राहिले. कट्ट्यावर, हातात मोबाईल घेऊन, त्या मला हेच सांगायला बसल्या होत्या! आणि मी आधीच तोंड उघडलं. आठवडाभर त्यांना सगळं माहीत होतं. तरी रोज विचारत होत्या. मला पकडायला? लाजवायला? मग मिरच्या कशाला भाजल्या?
खाली गेले. त्यांनी ताट वाढलं. आज काहीच विचारलं नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी
सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "आत्याबाई, त्या रविवारी मी —"
"ऱ्हाऊ दे. मला ठावं हाय." तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही. "माझ्यासंगं बोलला त्यो त्या दिशी. 'बरी हायस न्हवं? गोळ्या घेतीस न्हवं? ठेवतो.' दर येळंला तेवढंच बोलतोय. वाईट न्हाई गं पोरगं. त्याला जमत न्हाई."
त्यांनी सूप बाजूला सारलं आणि मला जवळ ओढलं.
"काल बी आलता न्हवं फोन? मग सांग की. खरा ऱ्हाऊ दे. तुझ्या गोष्टीतला त्यो काय म्हणाला?"