पाटलाची खोड

कळंब, ता. इंदापूर

प्रिय प्रतिक्षा,

काल मोरगावहून तुझ्या सासूबाईंचा फोन आला होता. "तुमचा चावरा पोपट घरात असंल, तर बाळंतपण आमी हितंच करू," असं त्यांनी सरळच सांगितलं. राग आला, पण दिवाळीत आपल्या पाटलाने तुझं बोट रक्तबंबाळ केलं होतं, म्हणून गिळला. तरी ऐक. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार आणि पाटीलही याच घरात राहणार. मीही आता हट्टाला पेटलोय.

शेजारचा दत्तोबा म्हणाला होता, "चोचीवर टिचकी मारा, आबा. सरळ हुतोय का न्हाय बगा." मारली. पाटलाला वाटलं, मी कुस्तीला बोलावतोय. त्याने अंगठ्याचा लचका तोडला आणि वर स्वतःच बोंबलला. मग पिंजरा घेऊन बारामतीला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी मलाच झापलं. चावल्यावर तुम्ही ओरडता, हात झटकता, त्याला ती गंमत वाटते, म्हणाले. त्याच्या डोळ्यातली बाहुली लहान-मोठी व्हायला लागली, मानेवरची पिसं उभी राहिली, की हात पुढे न्यायचाच नाही. तरी चावलाच, तर ब्रही न काढता त्याला दांडीवर ठेवायचं आणि पाठ फिरवायची. शहाण्यासारखा बोटावर बसला की शेंगदाणा.

अंगठा ठणकत असताना गप्प बसणं म्हणजे काय असतं, ते मला विचार! पण बसलो. तुझ्या दादाला, ऋषिराजलाही, ओरडायचं नाही म्हणून दम दिला. आता पाटील माझ्या चष्म्याची काडी सोडली तर कशालाही चोच लावत नाही.

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण पुढचं तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहितोय. चावल्यावर तो ओरडायचा ना, "आयाया! मेल्या!", तो तुझ्या आईचा आवाज; तिला चावला की ती अशीच ओरडायची. ती गेल्यावर तेवढंच ऐकायला मी मुद्दाम बोट पुढे करायचो. दिवाळीत तूही तेच केलंस, मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. चावणं थांबलं तसं ते ओरडणंही थांबलंय. घर खायला उठतं, पोरी. पण आता तान्हं बाळ येणार आहे. तू आलीस की पाटलापुढे बोट धरायचं नाही. मीही धरणार नाही. बॅग भरून ठेव, रविवारी गाडी घेऊन येतो.

तुझाच, बोटं शाबूत असलेला,
आबा