छपराखालचा अंधार

ब्रिस्बेन,
१४ ऑगस्ट

लाडक्या इरो,

ताईची माया. मी इथे सुखरूप आहे. थंडी फार आहे. आईने दिलेली रताळी विमानतळावरच काढून घेतली, तिला सांगू नकोस. तिचा खोकला कसा आहे? तू धड जेवत नाहीस असं फोनवर म्हणत होती.

आपल्या गावावरच्या माहितीपटाचं काम संपत आलंय. तिकडे राजधानीत, होनियारात सात महिने एडिटिंग केलं ते हलक्या प्रतींवर. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला मूळ फुटेज पेलतच नाही. ते दोन डिस्कवर कुलपात होतं. चित्राचे रंग आणि उजेड नीट करायच्या कामाला मात्र मूळच लागतं, म्हणून एक डिस्क मांडीवर घेऊन आले.

लाकूडतोड कंपनीच्या रस्त्यावर गाव आडवं बसलं, ती दुपार तुला मी काय सांगू? तू त्या कंपनीचाच राखणदार. फुलाय मास्तर कंपनीच्या माणसांची समजूत घालायला बुलडोझरच्या शेडमध्ये शिरले. आमचा कॅमेरा बाहेर रणरणत्या उन्हात, आत काळोख. माझ्या प्रतीत फक्त मास्तरांचा पांढरा सदरा दिसायचा आणि कोयत्याची चमक. पहिला घाव खांद्यावर. ते म्हणाले, "अरे, थांब बाळा." दुसरा घाव वर केलेल्या हातावर. दोन बोटं उडाली. तिसरा मानेत. सदरा खाली बसतो आणि लाल होत जातो. मारणारा म्हणजे नुसता काळा डाग.

हा तुकडा मी शेकडो वेळा पाहिला. कापायचा कुठे, एवढंच बघत होते.

कोयता केनीच्या घरामागे सापडला, म्हणून केनी आठ महिने तुरुंगात आहे. तिथे मारून मारून त्याचा जबडा मोडलाय. त्याची बायको मला म्हणाली, "घरामागे कुणीही काहीही टाकेल. तू तर सगळं चित्रण बघतेस ना?" आणि तू म्हणालास, "ताई, मी तेव्हा नदीपलीकडे होतो. देवाशपथ."

मंगळवारी इथला रंगकाम करणारा वॉरेन म्हणाला, "मूळ फुटेजमध्ये अंधारातही बरंच दडलेलं असतं. उजळून बघू का?" त्याने हळूहळू उजेड वाढवला. आधी भिंत दिसली. मग बुलडोझरचा पट्टा. मग तू.

तू रडत होतास, इरो. रडत रडत तिसरा घाव घातलास.

मी म्हटलं, "पुन्हा काळं कर."

"किती?"

"काही दिसणार नाही इतकं."

त्याने केलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

तीन दिवस तसंच ठेवलं. दुसऱ्या डिस्कच्या कपाटाची किल्लीही माझ्याच पर्समध्ये. दोन्ही पुसल्या की तू सुटलास. काल पुसायच्या बटणावर बोट ठेवलंही होतं. पण मास्तरांनी 'बाळा' म्हटलं ते तुला ओळखून, आणि ते ऐकूनही तू मारलंस. बोट उचललं.

आज सकाळी तो तुकडा उजळून केनीच्या वकिलांना पाठवला.

आपल्या चर्चचे फादर इथे आलेत, ते उद्या गावी परततायत, त्यांच्या हाती हे पत्र देतेय. वकील म्हणाले, पोलीस सोमवारी येतील; त्याआधी तुला मिळेल. जंगलात पळू नकोस. कंपनीतल्या कुणी तुला पाठवलं असेल तर त्याचंही नाव सांग. आईला तूच सांग, माझ्या तोंडून ऐकायला लावू नकोस. नंतर फादरांबरोबर आपल्या पायांनी चौकीत जा. मी बुधवारी येते. तुझ्या अंगाला कुणी हात लावू नये म्हणून दारात बसून राहीन.

तुला धरून देणारी, तुझी सख्खी बहीण,
नेस्टा