अर्नाळ्याला न गेलेला निरोप

बाबा, रविवारच्या पुरवणीसाठी ऑफिसने माझ्याकडून एक लेख मागवलाय. इंटरनेट नसतं तर आपलं जगणं कसं असतं, यावर काहीतरी हलकंफुलकं, आज संध्याकाळी पाचपर्यंत. असे लेख मी इतकी वर्षं लिहितेय की तासाभरात होतात. पोस्टकार्डं, एसटीडी बूथ, तिकिटाची रांग आणि शेवटी एक हसरी ओळ. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या पाचूबंदरात फोन दोनच घरी होते. आज लिहायला बसले आणि दुसऱ्याच ओळीत तुमची सायकल आली. तिच्यापुढे लेख सरकत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

आपल्याकडे कुणी गेलं की गावोगावच्या नातेवाइकांना सांगायला तुम्ही निघायचात. कुणी नेमलं नव्हतं, पण लोक आधी आपल्याच दारात यायचे. तुमची एक पद्धत होती. घंटी वाजवायची नाही. रस्त्यावरून हाक मारायची नाही. सायकल कुंपणाला टेकवून ओट्यापर्यंत चालत जायचं आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईला, तिच्याकडे बघत सांगायचं. मग ती पदर सावरून उठेपर्यंत तिथेच उभं राहायचं. परत आल्यावर अंगणात जमलेल्यांना तुम्ही गावं सांगायचात: निर्मळ झालं, आगाशी झालं, अर्नाळा झालं. ती माणसं पोचून गेलेल्याच्या तोंडात पाण्याचे दोन थेंब घालेपर्यंत तुम्ही तिरडी उचलू द्यायचा नाहीत. भरती-ओहोटी बघून जगणारी माणसं आपण, पण त्या दिवशी कुणाला घाई करू द्यायचा नाहीत.

एकदा तुम्हाला ताप होता म्हणून असाच एक निरोप घेऊन मला आगाशीला पाठवलंत. मी कॉलेजात होते, दुपारी क्लास होता. त्या घराच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी सांगितलं, ‘काकांना कळवा हं,’ आणि आल्या एसटीने परत आले. तुम्ही गोधडीतून विचारलंत, ‘कोणाला भेटलीस?’ मी सांगितलं. तुम्ही ओरडला नाहीत. ‘निरोप दिलास की टाकून आलीस?’ एवढंच म्हणालात, आणि उठून शर्ट घालायला लागलात. आई दार अडवून उभी राहिली. ‘मरायला निघालात का? मग तुमचं सांगायला कोण जाईल?’ तुम्ही हसलात आणि तिला बाजूला करून गेलात. मी क्लासला गेले नाही. तुम्ही परत येईपर्यंत ओट्यावर बसून होते.

आई गेली त्याला आता सहा महिने होतील. पहाटे गेली, झोपेतच. सहा वाजता मी कुटुंबाच्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या. नाव, वेळ, अंत्यविधी दुपारी बारा वाजता. लिहायची सवय आहे; एक शब्द खोडावा लागला नाही. खाली भराभर जोडलेले हात येऊ लागले आणि मी मनात एकेका गावावर खूण करत गेले. अर्नाळ्याच्या आत्याच्या नातवाचेही हात आले. मी म्हटलं, अर्नाळा झालं. तो जहाजावर नोकरीला आहे, कुठल्याशा बंदरातून त्याने ते हात जोडले होते. त्याला वाटलं, आत्याला आपल्या घरून कोणीतरी जाऊन सांगितलंच असेल. आत्याकडे फोन नाही, ती एकटी राहते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. बारा वाजता भटजींनी विचारलं, ‘अजून कोणी यायचंय?’ मी फोनकडे बघितलं आणि म्हणाले, ‘नाही, सगळ्यांना कळलंय.’

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकातूनच आवाज आला. ‘काय गो भावजय, ऊन डोक्यावर आलं नि अजून पसरलीस? ऊठ, तुझ्यासाठी बोंबलाचं कालवन आनलंय!’ आत्या. हातात डबा, कपाळावर घाम. आत आम्ही दहाबारा जण जमिनीवर बसलो होतो. कोणी उठलं नाही. तिने उंबऱ्यात पाय ठेवला, कोपऱ्यातला दिवा बघितला, आणि डबा कुठे ठेवावा हे न कळून तसाच धरून राहिली. म्हणाली, ‘पानी पन पाजलं नाय गो मी तिला.’ मग माझ्याकडे वळून, ‘कोन आला नाय सांगायला?’

सगळे माझ्याकडे बघत होते, बाबा. मी म्हणाले, ‘माणूस पाठवला होता आत्या. तुझ्या दाराला कुलूप होतं.’

ती विचारात पडली. आठवून बघत होती. ‘मासली सुकवायला गेली असन मी,’ ती म्हणाली. ‘माझंच चुकलं.’

मला वाटलं, खोटं तिथेच संपलं. पण गेल्या महिन्यात तिची शेजारीण बाजारात भेटली. म्हणाली, ‘तुमची आत्या आता मासली सुकवायला वाळूवर येतच नाय. दार सताड उघडं टाकून ओट्यावर बसते दिवसभर. आम्ही म्हटलं, चल की जरा, तर म्हनते, नको बाय, कोन सांगायला आला नि परत गेला तर?’

इंटरनेट नसतं तर मी अर्नाळ्याला गेले असते, असं या लेखात लिहिता येईल. वाचकांना आवडेलही. पण अर्नाळ्याचा रस्ता त्या सकाळीही होता आणि दर थोड्या वेळाने एसटी होती. एवढंच की तो फोन हातात होता म्हणून आपण कळवलं असं वाटून घेणं मला फार सोपं गेलं. आणि कुलूप तर माझं मीच लावलं, त्यात फोनचा काही संबंध नाही. आत्या ऐंशीच्या पुढे गेलीय. जाऊन ओट्यावर तिच्यासमोर उभं राहून ‘कोणी आलं नव्हतं गं, मी कोणाला पाठवलंच नव्हतं’ एवढं म्हणायचंय. ती पुन्हा वाळूवर जायला लागेल. कदाचित माझ्याशी बोलणार नाही. दर रविवारी जायचं ठरवते, दर रविवारी काही ना काही निघतं.

लेख मी पाचच्या आत देईन. हे पत्र कुठे जायचं नाही. एक कबूल करते: हे लिहून मला थोडं हलकं वाटतंय, आणि तेवढ्यावर हाही रविवार निघून जाईल याची मला भीती वाटते.