दहा टोकांचा नर आणि दारावरची खूण

मी, लव्हॉन टॉलेफ्सन, वय एक्क्याऐंशी, कै. ऑर्व्हिल टॉलेफ्सन यांची पत्नी, राहणार लून लेक, उत्तर विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही आणि कोणाचा धाकही नाही. धाक वाटावा असा माणूस तीन वर्षांपूर्वी वारला. ऑर्व्हिलने स्वतः लिहून माझी नुसती सही घेतलेलं आधीचं मृत्युपत्र यापुढे रद्द समजावं.

कलम पहिलं. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी माझी मुलगी जोलीन हिला. तिने ते ठेवावं की विकावं यात कोणी नाक खुपसू नये.

कलम दुसरं. बर्फाला भोक पाडायचं गिरमिट आणि मासेमारीचं सगळं सामान पास्टर ल्युंड यांना. चार वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेलेलं ते सामान त्यांच्याच गॅरेजमध्ये आहे, तेव्हा त्यांना न्यायला यायचे कष्ट पडणार नाहीत.

कलम तिसरं. बिडाचा मोठा तवा. त्याच्यावर मी एकतीस वर्षं दर नोव्हेंबरात पहाटे चारला उठून शिकारीला निघालेल्या सात पुरुषांसाठी पॅनकेक भाजले. हा तवा कोणत्याही बाईला देऊ नये. तळ्यात जिथे पाणी सगळ्यात खोल आहे तिथे टाकावा.

कलम चौथं. जंगलातली चाळीस एकर जमीन आणि तिच्यावरची शिकारीची केबिन. हे कलम लांब आहे.

जमीन माझ्या वडिलांची. केबिन ऑर्व्हिल आणि त्याचा धाकटा भाऊ हार्लन यांनी बांधली. हरणांच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या संध्याकाळी तिथे प्रत्येक पुरुष दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने आपला त्या वर्षाचा संकल्प लिहायचा. पुरा झाला की पुढे बरोबरची खूण. ही पद्धत ऑर्व्हिलने काढली. काही ठरवून गेल्याशिवाय जंगलाची मजा नाही, असं त्याचं म्हणणं. मी एकदा पेन्सिल मागितली तर म्हणाला, "अगं, तुझा संकल्प आम्हाला पोटातून कळतो." सगळे हसले. मीसुद्धा हसले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

पुढे मी माझे संकल्प पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून लिहू लागले. १९७१: बीव्हरच्या बांधापर्यंत एकटीने चालत जाणे. १९७८: एक मोठा मस्की मासा पकडणे, सोडून देणे, कोणाला न सांगणे. ते झालं, आणि आज पहिल्यांदा सांगते आहे. १९८७: एक अख्खी सकाळ मचाणावर, चुलीसाठी खाली न उतरता. त्यात पुरुषांच्या संकल्पांसारखे इंच नव्हते, पौंड नव्हते. मला ते जंगल आवडायचं, एवढंच.

१९८७ साली जोलीन सतरा वर्षांची होती. ती म्हणाली, "आई, आज चूल मी बघते, तू जा." माझ्या वडिलांच्या मचाणावर मी त्यांचीच बंदूक घेऊन बसले. नऊच्या सुमारास एक नर हरीण झाडीतून बाहेर आलं. मी एक गोळी झाडली. हार्लन शेजारच्या मचाणावर होता, तो आधी पोचला आणि शिंगांची टोकं बोटाने मोजत म्हणाला, "वहिनी, दहा आहेत गं. दहा."

मग ऑर्व्हिल आला. परवान्याचा टॅग जनावराला बांधल्याशिवाय ते हलवता येत नाही, आणि एकत्र शिकार करणाऱ्यांत एकाच्या जनावराला दुसऱ्याचा टॅग चालतो. त्याने स्वतःचा बांधला. "तुझा राहू दे, मांसासाठी अजून एक मारता येईल," म्हणाला. मी बरं म्हटलं. चूक ती. त्या वर्षी दारावर त्याचा संकल्प होता 'दहा टोकांचा नर'. संध्याकाळी त्याने त्याच्यापुढे खूण केली. हार्लनने माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि अजून बटाटे मागितले.

पेंढा भरलेलं मुंडकं गावातल्या बारच्या भिंतीवर लागलं, खाली ऑर्व्हिलच्या नावाची पितळी पट्टी. एकोणतीस वर्षं त्याने ती गोष्ट सांगितली आणि हार्लनने शेजारी बसून फुकटची बिअर प्यायली. शेवटच्या आजारात ऑर्व्हिलने ती नर्सलाही सांगितली, मी त्याची उशी सारखी करत असताना. त्याच आठवड्यात त्याने माझ्याकडून शब्द घेतला, की केबिन हार्लनला द्यायची.

म्हणून केबिन आणि जमीन हार्लनला देत आहे. मात्र ज्याला मिळकत मिळते त्याने दोघा साक्षीदारांपैकी एक म्हणून सही केली तर त्याचा वाटा जातो, असं वकीलबाई सांगतात. तेव्हा हार्लनने वरच्या हकिकतीची साक्ष म्हणून खाली सही केली तर केबिन जोलीनला जाईल. न केल्यास त्याला. दोन्ही गोष्टी मी त्याला आज समजावून सांगितल्या.

कलम पाचवं. वडिलांची बंदूक आणि हरणाचं मुंडकं जोलीनला. पितळी पट्टी काढून ऑर्व्हिलच्या थडग्याशी पुरावी. तिच्यावर नाव त्याचंच आहे.

पुढचं लिहायचं ठरलं नव्हतं. हार्लनने माझ्या स्वयंपाकघरात बसून हे सगळं दोनदा वाचलं. शेजारचे क्लेटन आणि मर्ना बुकोव्स्की समोर होते.

"वहिनी, ऑर्व्हिल गेला. आता कशाला उकरून काढायचं?"

"खोटं असेल तर सांग. आत्ता फाडून टाकते."



"केबिनचं छप्पर गळतंय," तो म्हणाला. "बर्फ पडायच्या आत पत्रे बदलायला हवेत."

पेन माझ्याकडे सरकवून, टोपी घालून तो गेला. तो सही करेल असं मला मनापासून वाटलं होतं.

दिलेला शब्द मी पाळते. केबिन त्याची. कोर्टात हे वाचणाऱ्याने एवढंच मोठ्याने वाचावं, की खोटं आहे असं म्हणायची हार्लनला संधी दिली होती, आणि त्याने छपराचा विषय काढला.

लून लेक, ९ नोव्हेंबर २०१९

लव्हॉन टॉलेफ्सन

वरील सही आमच्यासमोर झाली, आणि छपराचं बोलणं आम्ही ऐकलं:

१. क्लेटन बुकोव्स्की
२. ~~हार्लन टॉलेफ्सन~~ (सहीसाठी मी आधी लिहून ठेवलेलं नाव मीच खोडलं. ल. टॉ.) मर्ना बुकोव्स्की